जिन्यावरची हाक

दोन कागदांवर सही एकाच बाईची होती, पण एक शब्द वेगळा होता.

अपघाताच्या दिवशी पोलिसांनी घेतलेल्या जबाबात शेजारीण म्हणाली होती, "भिंतीपलीकडून 'अहो, नका!' असं ओरडणं ऐकलं." कोर्टात मात्र तिनं सांगितलं, "'भाऊजी, नका!'"

या दुसऱ्या वाक्यावर बुकबाइंडरच्या धाकट्या भावाला जन्मठेप झाली. वहिनीला मागच्या जिन्यावरून ढकलून मारल्याचा आरोप होता. प्रेताजवळ पहिला तोच सापडला होता. तक्रार थोरल्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आठवड्यानं दिली. दुःखामुळे उशीर झाला, हे कोर्टानं मान्य केलं. दिरालाही 'अहो'च म्हणतात, म्हणून जबाबांतला फरक किरकोळ ठरला.

अपील आता वकीलबाईंकडे होतं. नुसत्या उशिरामुळे कुणी सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात काय घडलं, ते दाखवावं लागणार होतं.

वकीलबाई आधी शेजारणीकडे गेल्या.

"मावशी, 'भाऊजी' नक्की ऐकलंत?"

"आता काय सांगू! थोरला रोज यायचा, डोळे लाल करून. 'भाऊजी म्हणाली ना ती? आठवा बघू.' शेवटी मलाही तसंच ऐकू यायला लागलं."

"एरवी या भिंतीतून काय ऐकू यायचं?"

मावशी हसली. "ती धाकट्याला दिवसभर 'अरे बाळ्या, गिळायला ये रे!' आणि थोरल्याची पावलं वाजली, की 'अहो भाऊजी, जेवायला या.' नाटक कंपनी नुसती!"

तुरुंगात धाकटा जाळीपलीकडे बसला होता. बाइंडिंगचा सरस खरवडून काढावा तशी बोटं एकमेकांवर घासत होता.

"वहिनी चोरून 'अरे' का म्हणायच्या?"

तो दचकला. "मी चड्डीत होतो तेव्हा ती लग्न होऊन आली. तिनंच वाढवलं मला. दादाला ते खुपायचं. एकदा मला जास्त वाढलं म्हणून त्यानं ताट भिरकावलं. 'दीर आहे तो, अहोजाहो कर,' म्हणाला."

"हे कोर्टात का नाही सांगितलंत?"

"लोकांनी काय अर्थ काढला असता, वकीलबाई?"

"तुम्हाला जन्मठेप झालीय."

"तिचं नाव तरी शाबूत राहिलं."

वकीलबाई मावशीला घेऊन घराखालच्या बाइंडिंगच्या कारखान्यात गेल्या. थोरला पुठ्ठा कापत होता.

"त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"बाजारात. चामडं आणायला. शंभरदा सांगितलंय."

"म्हणजे जिन्यावर फक्त त्या आणि धाकटा?"

"फक्त ती आणि तो."

"मग त्या 'अरे' म्हणाल्या असत्या. जिवावर बेतलं की माणूस नेहमीचीच हाक मारतो. 'अहो' म्हणाल्या, कारण समोर तुम्ही होता. ढकलून तुम्ही मागच्या दारानं पळालात. आवाज ऐकून कारखान्यातून धाकटा धावत आला आणि अडकला. पण ती हाक तुमच्याकडे बोट दाखवत होती. मावशींच्या तोंडी तुम्हाला हवा तो शब्द बसेपर्यंत तुम्ही तक्रार दिली नाहीत."

"खोटं! त्याला ती अरे म्हणत नव्हती. मी असताना तर कायम अहोच..."

सुरी थांबली.

"तुम्ही असताना," वकीलबाई म्हणाल्या.

थोरल्यानं सुरी पुठ्ठ्यावर ठेवली.

"मागच्या जिन्यानं वर आलो. ती वाकून त्याला हाक मारत होती. कसल्या लाडानं! म्हटलं, इतकी वर्षं संसार केलास, मलाही एकदा अरे म्हण. एकदाच."

"मग?"

"दंड धरला मी तिचा. तर म्हणते, 'अहो, नका!'"

मावशीनं तोंडावर हात ठेवला.

"मावशी, चपला घाला," वकीलबाई म्हणाल्या. "ऐकलंत तसंच पोलीस ठाण्यात सांगायचं. आत्ताच."