तिसऱ्या माथ्यावरची हाक

बातमी आली तो सोमवार अगदी साधा होता. चष्मेवाला दुकानात एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होता. "यात माझं नाक फार मोठं दिसतंय का हो?" असं त्या आरशात बघून विचारत होत्या. फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, खाली ठेवला, दांडीचा स्क्रू नीट आवळला, चष्मा बाईंच्या हातात दिला आणि मगच शटर ओढलं. माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान त्याला लागून, म्हणून मी हे पाहिलं.

तुम्ही मघापासून हा नकाशा पसरून बसला आहात, म्हणून आठवलं. पाच माथे, मध्यम चढण, पहाटे निघायचं आणि शेवटच्या बसने परत. त्याचाही बेत हाच असायचा.

"काका, आम्हाला घाबरवायचं ठरवलंय का?"

नाही रे. बाटल्या भरा तुम्ही, भरता भरता ऐका.

गल्लीतल्या पाच-सहा दुकानदारांना तो दरवर्षी डोंगरावर घेऊन जायचा. त्यांची एक रीत होती. सगळ्यांत मागे चालणारा तो 'शेपूट'. माथा आला की चष्मेवाल्याने मागे वळून हाक मारायची, "शेपूट?" खालून "आहे" असं आलं की मगच पुढे पाय उचलायचा. नाही आलं, तर सगळ्यांनी मागे फिरायचं. अशी हाक पहिल्या तीन माथ्यांवर. तिसऱ्यानंतर वाट फुटायची आणि शेपूट तिथून परस्पर आपल्या घराकडे उतरायचं.

शेपूट कायमचं ठरलेलं होतं, चष्मेवाल्याचा मेहुणा. जाडा, हसरा, एकटा राहणारा, दर वळणावर बुटाची नाडी बांधणारा. गल्लीत त्याला गोगलगाय म्हणत. निघताना बहीण नवऱ्याला बजावायची, "तुम्ही पुढे पळत सुटाल. त्याला मागे टाकून येऊ नका."

"तुझ्या भावाला मागे टाकायला मला काही करावं लागत नाही," तो म्हणायचा. त्यावर सगळ्यांत जास्त मेहुणाच हसायचा.

त्या रविवारी धुकं होतं. निघायलाच उशीर झाला होता. पहिल्या माथ्यावर उत्तर आलं. दुसऱ्यावर आलं. तिसऱ्यावर आलं नाही.

चष्मेवाल्याने पुन्हा हाक मारली. कान देऊन उभा राहिला. नुसता वारा. मागे फिरावं तर बस चुकणार, आणि मेहुण्याला दडून बसायची खोड होती. बाकीचे जरा पुढे, वाऱ्याला पाठ करून उभे होते. तो त्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, "आलं उत्तर. चला."

मेहुणा दुसऱ्या माथ्यापलीकडच्या घळीत पडला होता. दोन्ही पाय मोडलेले. दुसऱ्या दिवशी एका मेंढपाळाच्या कुत्र्याने त्याला शोधलं.

"ओरडणं ऐकू येत होतं की," मेंढपाळ म्हणाला. "'आहे... आहे...' असं. दिवसभर. अंधार पडल्यावरसुद्धा. मला वाटलं, शहरातली माणसं काहीतरी खेळतायत."

डॉक्टर म्हणाले, जीव पहाटे गेला.

बहीण रडली नाही. तिने नवऱ्याला एकच विचारलं, "तिसऱ्या माथ्यावर त्याने उत्तर दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"म्हणजे नंतर पडला."

"नंतरच."

वर्ष गेलं. ऑक्टोबर आला. एका संध्याकाळी ती म्हणाली, "यंदा मी येते. तो पडला ती जागा मला बघायचीय. तुम्ही बेत आखा. शेपूट मी होईन."

नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार. रात्रीचा दीड वाजला होता. ती आत झोपली होती. हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून पेन्सिलीने वाट काढत बसला होता. पाणी कुठे भरायचं, बसायचं कुठे, उतरायचं कधी. पेन्सिल पहिल्या माथ्यावर आली. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून हळूच निघालं, "शेपूट?"

"आहे."

जिन्याच्या खालून आल्यासारखं. त्याला वाटलं, बायको जागी झाली. तो उठला, खोलीत डोकावला. ती कुशीवर होती. तोंड मिटलेलं. श्वास संथ.

तो परत येऊन बसला. भास झाला म्हणाला स्वतःला. पेन्सिल दुसऱ्या माथ्यावर नेली. ओठ घट्ट मिटून घेतले. हाक मारली नाही.

"आहे."

या वेळी दारातून. आवाज थकलेला. हसरा.

त्याला उठायचं होतं. पाय उठेनात. पेन्सिल हातातच होती... ती पुढे सरकली. त्याने सरकवली नाही. तिसऱ्या माथ्यावर थांबली.

काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही...

मग खुर्चीच्या मागे कुणीतरी खाली वाकलं. नाडी बांधायला वाकतात तसं. आणि कानाशी...

"आहे."

"आहे."

"आहे..."

घसा फाटेपर्यंत. उजाडेपर्यंत. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तेव्हाही नाही.

सकाळी बायको उठून स्वयंपाकघरात आली. काही बोलायला तोंड उघडलं. नुसती खरखर. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "काल दिवसभर ओरडत होत्या का या?" रात्रभर गाढ झोपलेली बाई. तिचा आवाज अजून परत आलेला नाही.

दवाखान्यातून आल्यावर ती टेबलाशी बसली. नकाशा तसाच पसरलेला होता. तिने तिसऱ्या माथ्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आता ती रोज तेच करते. जेवणं झाली, ताटं उचलली, की बोट ठेवते आणि बघत बसते.

हे सगळं त्याने मला दुकानाचं शटर अर्धं ओढून सांगितलं. मी म्हणालो, "मला सांगितलंस तसं तिला सांग." त्याने मान हलवली. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि घरी गेला.

त्यालाही आता बरेच महिने झाले. त्याने तिला अजून उत्तर दिलेलं नाही.