दोन्ही सिस्टीम बरोबर होत्या

“चला, पुढचे कोण?” मी दारातून विचारलं.

बाकावर एक आजोबा आणि एक तरुण बसले होते. आजोबांनी तरुणाकडे बोट दाखवलं. तो मांडीवर बॅग घेऊन भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. ढिम्म हलला नाही. मी पुन्हा हाक मारली, मग जवळ जाऊन, पेशंटशी बोलते तशा खणखणीत आवाजात विचारलं, “कधीपासून कमी ऐकू येतंय?”

तो दचकून उठला. “मी... मी कॉम्प्युटर बदलायला आलोय.”

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मुकाट्यानं त्या तरुणाला आत नेलं.

मी कान तपासते. आमच्या कानाच्या दवाखान्यात एक आवाजबंद काचेची खोली आहे. पेशंट आत बसतो, मी बाहेर कॉम्प्युटरवरून बारीक-मोठे सूर सोडते, आणि ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं, एवढंच. पण त्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली होती. कंपनीनं तिचे सुरक्षेचे अपडेट बंद केले होते, तेव्हा नवी घेणं भाग होतं.

“नवी घ्या, पण जुनी लगेच काढू नका,” आमच्या डॉक्टरबाईंनी त्याला बजावलं. “आठवडाभर दोन्ही शेजारीशेजारी चालवा. दोन्हीवर तपासणी सारखीच येते का बघा. इथे आलेखावरचा एक ठिपका चुकला तर कुणाच्या तरी कानात चुकीचं मशीन जाईल.”

तेव्हापासून तो रोज दुपारी यायचा. माझ्या टेबलावर आता दोन कॉम्प्युटर आणि एकच खुर्ची. तो उभाच असायचा, माझ्या उजवीकडे, जरा वाकून.

“बोला, आज काय तक्रार?”

“तुमच्या नवीनमध्ये सगळी बटणं मधोमध आलीत. माझा हात आपोआप डाव्या कोपऱ्यात जातो.”

“सेटिंगमधून डावीकडे नेता येतात. नेऊ?”

“आणि उजवं क्लिक केलं की अर्धी कामं ‘आणखी दाखवा’च्या पोटात! आधी सगळं एका फटक्यात दिसायचं.”

“बरं. आणि चांगलं काहीच नाही?”

“सुरू पटकन होते,” मी नाइलाजानं कबूल केलं. “अक्षरं स्वच्छ दिसतात. शोधलेलं लगेच सापडतं. जुनी चालू करून मी चहा पिऊन यायचे.”

“म्हणजे मी तुमचा चहा बंद केला.”

“मग भरपाई द्या ना.”

तो हसला. हसताना खाली बघायची त्याला सवय होती. मी नाही नाही म्हणत रोज नव्या सिस्टीमची एखादी खोड शोधून ठेवू लागले. सापडली नाही की उगाच चुकचुकल्यासारखं व्हायचं!

एका दुपारी तो टेबलाखाली शिरून वायरी ओढत होता. चेहरा दिसत नाही, तेवढ्यात विचारून टाकावं म्हणून मी म्हणाले, “उद्या काम आटोपल्यावर... चहाला जाऊ या का?”

खालून उत्तर नाही. वायर ओढली, स्क्रू पिळला, बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, “झालं. निघू मी?”

“निघा,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी आई म्हणाली, “राग कुणावर आहे ते सांग, भांड्यांनी काय घोडं मारलंय?” मी सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. तो गोंधळून माझ्याकडे बघायचा, मी पडद्याकडे.

शेवटची चाचणी उरली. एकाच माणसाचे कान दोन्ही सिस्टीमवर तपासायचे आणि आलेख जुळवायचे.

“माझे घ्या,” तो म्हणाला.

तो काचेआड बसला. मोठे हेडफोन, मिटलेले डोळे, बटणावर अंगठा. आधी नवी सिस्टीम. डावा कान झकास, सूर सोडला की अंगठा हललाच. मग उजवा. मी सूर सोडला. अंगठा जागच्या जागी. आवाज वाढवला... आणखी वाढवला... तो शांत बसून होता, बस येण्याची वाट बघावी तसा. पुष्कळ वर गेल्यावर कुठे अंगठा हलला.

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी दार उघडलं. “तुमच्या नव्या सिस्टीमचा उजवा आवाज बिघडलाय.”

“शक्यच नाही!” तो सेटिंग तपासू लागला. सगळं ठीक होतं. मग जुन्या सिस्टीमवर केलं. तोच आलेख, ठिपक्याला ठिपका. मग मी स्वतः आत बसले, त्याला सूर सोडायला लावले. माझे दोन्ही कान दोन्हीवर ठणठणीत.

तो आनंदानं म्हणाला, “बघा! दोन्ही सिस्टीम बरोबर आहेत.”

“हो,” मी म्हणाले. “दोन्ही बरोबर आहेत.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कानाला कमी ऐकू येतं, असं मी कितीतरी लोकांना सांगितलंय. त्या दिवशी शब्द जड झाले. “लहानपणी काही आजार...?”

“गालगुंड. खूप ताप आला होता म्हणे.” तो खुर्चीत बसला. “फोन मी डाव्या कानालाच लावतो. मला वाटायचं, प्रत्येकाचा एक कान आवडता असतो, जसा एक हात असतो.” मग तो म्हणाला, “शाळेत बाई म्हणायच्या, याचं लक्ष नसतं. घरी अजून म्हणतात. मीही तेच धरून चाललो होतो...”

आणि मला टेबलाखालची ती दुपार आठवली. हा खाली, उजवा कान माझ्याकडे.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, मशीननं चांगला फरक पडेल. त्यानं मान हलवली, पण नको म्हणाला. “मी कामासाठी रोज वेगवेगळ्या ऑफिसांत जातो. लोक आधी कानाकडे बघतील, मग कामाकडे.” जुना कॉम्प्युटर त्यानं बंद केला, वायरी गुंडाळल्या आणि गेला.

मग नवी सिस्टीम सुरळीत चालू लागली. मला राग आला तो ती सुरळीत चालण्याचाच. बिघडली असती तर फोन करता आला असता. एकदा वाटलं, खोटी तक्रार करावी. नंबरही काढला... आणि ठेवून दिला. ज्याला आयुष्यभर खोटंच ऐकवलंय, की याचं लक्ष नसतं, त्याच्याशी मला आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. उघडे कॉम्प्युटर, धूळ, कोपऱ्यात पंखा. तो पाठमोरा होता. मी वळसा घालून डावीकडे उभी राहिले.

“तुम्ही! काय बंद पडलं?”

“काही नाही. सगळं चालतंय. तुम्ही टेबलाखाली होतात तेव्हा मी तुम्हाला चहाला विचारलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मी रुसले. कान तपासायचं माझं काम, आणि मलाच कळलं नाही.”

तो हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. “आता दया म्हणून विचारत असाल तर...”

“अहो, मी रोज लोकांच्या कानात मशीन बसवते. सगळ्यांना चहाला विचारत सुटले तर दवाखाना कधी उघडू?”

तो खाली बघून हसला. मग वर बघून हसला. आम्ही चहाला गेलो. मी त्याच्या डावीकडे बसले, आणि तो इतका बोलला, इतका बोलला की दोघांचाही चहा गार झाला.

मशीनची गोष्ट मी काढली नाही. त्यानंच काढली, काही आठवड्यांनी. “लावून बघू. नाही आवडलं तर परत.”

जुन्या सिस्टीमवर मशीन जुळवताना पेशंटच्या गळ्यात वायरी अडकवाव्या लागत. नवी बिनवायरची जोडते. हा फायदा मी त्याला मोठ्या मनानं सांगितला. त्याच्या उजव्या कानामागे मशीन बसवलं, केस बाजूला केले, आणि आवाज हळूहळू वर नेला.

“काय ऐकू येतंय?” हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो.

त्यानं मान जरा तिरकी केली. “पंखा... तुमच्या बोटांखालची बटणं... बाहेर कुणीतरी वर्तमानपत्र उलटतंय.” डोळे भरून आले त्याचे. मग तो अगदी पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाला. नवीन मशीन लावलं की स्वतःचा आवाज फार मोठा वाटतो, म्हणून सगळेच असं बोलतात.

“काय? मोठ्यानं बोला.”

“मला तुमच्याशी लग्न करायचंय!”

बाहेर वर्तमानपत्राची सळसळ थांबली. पलीकडच्या खोलीतून डॉक्टरबाईंचा आवाज आला, “मला ऐकू आलंय. उत्तर द्या गं कुणीतरी, पेशंट खोळंबलेत!”

मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते. तशीच राहिले, आणि आवाज मुळीच न चढवता म्हणाले, “हो.”

दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.