यार्डातली एक हाक

हे खरं आहे. पटवून द्यायचं त्राण माझ्यात नाही. माझी तान्ही अपू आत्ताच झोपलीय, ती उठेपर्यंत लिहिते.

यंदाचा माघ. मसुऱ्याकडचं एक जुनं सबस्टेशन, नाव सांगत नाही. तिन्हीसांज.

मी टेस्टिंगची इंजिनीअर. तिथले लायटनिंग अरेस्टर तपासायचे होते. चिनीमातीचे उंच खांब असतात ते. वीज कोसळली की ती स्वतःतून जमिनीत सोडतात, ट्रान्सफॉर्मर वाचवतात. जुने झाले की आतून तापतात... आणि एक दिवस फुटतात. दिवसा उन्हाने सगळेच गरम, म्हणून उष्णतेचा कॅमेरा सूर्य बुडाल्यावरच लावायचा.

मी दमले होते. अपू रात्र रात्र जागवायची. छाती दुधाने भरून दुखत होती. घरी ती भुकेने रडत असणार...

तीनपैकी कडेचा अरेस्टर कॅमेऱ्यात जरा जास्तच पिवळा दिसला.

"तो पश्चिमेक आसा मॅडम, उन्हाची धग असतली," ऑपरेटर मेल्विन म्हणाला. "नायतर उद्या येवा. तुमचा चेडू वाट बघता नाय?"

"उद्या परत कोण येतंय? खालच्या वायरचं रीडिंग घेते आणि सुटते."

"सुटा. मी चाय ठेवतंय."

तो आत गेला. मी मीटर घेऊन अरेस्टरकडे निघाले.

यार्ड सतत गुणगुणत असतं. कानांना सवय झालेली असते.

ते गुणगुणणं थांबलं.

रातकिडेही...

"गो... मागे सर."

फाटकाकडून. माझ्याइतकाच दमलेला आवाज.

यार्डात हाक आली की ओ द्यायची, मगच पुढचं पाऊल टाकायचं. हा आमचा कामाचा नियम. तिन्हीसांजेच्या एका हाकेला ओ द्यायची नाही, दिली की हाक मारणारं मागोमाग घरी येतं, हा सासूबाईंचा.

मी कामावर होते.

"ओ!" म्हटलं आणि फाटकाकडे वळले.

पाठीमागे धाडकन आवाज झाला.

अरेस्टर फुटला होता. मी जिथे वाकणार होते तिथल्या खडीत चिनीमातीच्या कपच्या रुतल्या होत्या. सुऱ्यांसारख्या.

फाटकात कुणी नव्हतं. कडी आतून लावलेली.

मेल्विन धावत बाहेर आला. "मॅडम! लागला काय?"

"तू हाक मारलीस म्हणून वाचले रे."

"मी? मी खंय? मी आत चाय गाळी होतंय..."

तेव्हा लक्षात आलं. मेल्विन मला मॅडमच म्हणतो. 'गो' कधीच नाही.

त्याने छातीवर क्रूस केला. मग हळूच विचारलं, "तुमी... ओ दिल्यात?"

मी मान डोलावली. 

ज्याने वाचवलं त्याचं भलं होवो, असं मी रोज दिवा लावताना म्हणते. सासूबाईंना काही सांगितलेलं नाही.

काल दिवेलागणीला अपूला मांडीवर घेऊन पाजत होते. डोळे मिटत होते माझे. स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणत होता...

थांबला. दिवे मात्र चालू होते.

अपूने दूध सोडलं. दाराकडे मान वळवली.

अजून ती 'आई' सुद्धा म्हणत नाही.

"ओ," म्हणाली.

मला कसलीच हाक ऐकू आली नव्हती.