फुलावर न बसणारी फुलपाखरं

"फुलपाखरांचे प्रकार फक्त अकरा," टिप्याने तिसऱ्यांदा सांगितले आणि ईशाला रडू फुटायचेच बाकी राहिले.

टिप्या हा शाळेचा गुडघ्याएवढा यंत्रमानव. त्याचे काम दिसेल ते टिपण्याचे. फुलपाखरांचे वीस प्रकार आढळले, तरच ओढा राखीव ठरणार होता. आज सूर्यास्तापर्यंत ते भरले नाहीत, तर उद्या ईशाच्या लाडक्या ओढ्याचे काठ सिमेंटने बांधून काढणार होते. सन २०६१ उजाडले तरी माणसांची सिमेंटची हौस काही फिटली नव्हती.

"आत्या, इथे तर रोज कितीतरी फुलपाखरं असतात. मग यादीत का नाहीत?"

कुंदाआत्या कीटकशास्त्रज्ञ (कीटकांचा अभ्यास करणारी) होती. तिने ओढ्याकाठच्या ओल्या चिखलाकडे बोट दाखवले. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेली फुलपाखरे तिथे दाटीवाटीने बसली होती.

"टिप्या, ही दिसत नाहीत का रे तुला?"

"दिसतात. पण ती चिखलावर आहेत. ईशाताईंनी शिकवलंय, फुलावर बसतं ते फुलपाखरू."

ईशाने जीभ चावली. नावातच फूल आहे म्हणून तिने बिनदिक्कत टिप्यात तशी व्याख्या भरली होती.

"अगं, नावावर जाऊ नकोस, तोंडाकडे बघ," आत्या हसत म्हणाली. "त्यांची सोंड (गुंडाळून ठेवता येणारी नळी) चिखलात आहे. मकरंदात (फुलातल्या गोड रसात) साखर भरपूर, पण क्षार (मिठासारखे पदार्थ) अगदी थोडे. ते ओल्या मातीतून शोषून घेतात. याला चिखलपान म्हणतात."

इतक्यात त्यातले एक ईशाच्या घामेजल्या मनगटावर उतरले आणि सोंड टेकवून पिऊ लागले. तिला गुदगुल्या झाल्या, पण आनंदाने तिने श्वासच रोखून धरला.

"ताई, तुम्ही तर फूलही नाही आणि चिखलही नाही," टिप्या गोंधळला.

"घाम खारट असतो रे," ईशा म्हणाली. "पूस ती व्याख्या आणि नव्याने मोज."

शेणावर एक सापडले, झाडाच्या चिकावर दुसरे. चौदा, सतरा, एकोणीस. सूर्य डोंगराला टेकला. एकच हवे होते. ईशा सडक्या फणसाच्या वासामागे धावली.

"फणसावर वाळकं पान," टिप्या म्हणाला. "पुढे चला."

"थांब. या पानाला पाय आहेत."

पान उघडले. आतून निळेशार, मधे पांढरा पट्टा. पंख मिटताच पुन्हा वाळके पान.

"वीस," टिप्या म्हणाला. ईशाने आत्याला घट्ट मिठी मारली. ओढा वाचला होता.

"ताई, व्याख्येची जागा रिकामी आहे. काय लिहू?"

ईशाची नजर अजून त्या वाळक्या पानावरच होती. "लिही, अजून बघणं चालू आहे."