तीन मिलिमीटरचा इलाज

रेषा लुकलुकणं हा सुलभा तांदळेच्या लेखी सर्दीसारखा आजार होता. रोज दहा-बारा जणांना व्हायचा आणि त्यात जीव कुणाचाच जायचा नाही. आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची कंपनी, तिचा साताऱ्यातला मदतकक्ष आणि त्यात नऊ वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली सुलभा. भिंत गायब झाली, पडदा काळा पडला, चित्राचे तुकडे झाले, असली गाऱ्हाणी घेऊन राज्यभरचे इंजिनिअर तिच्याकडे यायचे. तिचे प्रश्न ठरलेले असत. ड्रायव्हर कधी अपडेट केला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, दुसऱ्या मशीनवर तसंच दिसतं का. चहा निवायच्या आत तक्रार मिटायची.

आराखडे जिवंत झाले तेव्हापासून कामाला थोडी रंगत आली होती. आता पुलाचं काँक्रीट ओततानाच त्यात हरभऱ्याएवढे संवेदक टाकत. पूल उभा राहिला की ते दर सेकंदाला आपली जागा कळवत, आणि पडद्यावर मूळ आराखड्याला चिकटून खऱ्या पुलाचा मोजलेला पृष्ठभाग हलत राही. अडचण एवढीच, की दोन पृष्ठभाग जवळजवळ एकाच जागी आले की पुढचा कुठला आणि मागचा कुठला, हे संगणकाला ठरवता येत नाही. मग तो घटकेत हा दाखवतो, घटकेत तो. तेच लुकलुकणं.

त्यावर इलाज सुलभानेच शोधला होता. तीन मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असलं तर दोन्ही पृष्ठभाग एकच मानायचे. पडदा एकदम शांत. कंपनीने तिला एक ट्रॉफी दिली आणि सहा महिन्यांपूर्वी ते सेटिंग सगळ्यांच्याच मशीनवर चालू करून टाकलं. ट्रॉफी टेबलावरच होती, तिच्यात ती पेनं ठेवायची.

मंगळवारी अकराच्या सुमाराला नियाज मुजावरांचा फोन आला. धामणखोऱ्यातल्या पुलाच्या देखभालीचे इंजिनिअर, वय पन्नाशीचं, बोलणं सावकाश.

"मॅडम, परत लुकलुकायला लागलंय बघा. चौथ्या खांबावर तुळई टेकते ना, तिथंच. आठ महिन्यांमागं तुम्हीच नीट करून दिलं होतं."

"सेटिंग चालू आहे ना, मुजावरसाहेब?"

"चालू हाय की. ड्रायव्हर झाला, दुसरं मशीन पण बघितलं. तुम्ही विचारणार म्हणून आधीच केलं सगळं."

सुलभा हसली. तिने त्यांचा आराखडा आपल्या पडद्यावर घेतला. तुळईच्या टोकाशी एक राखाडी पट्टा उमटला, गेला. मग बराच वेळ काही नाही. फोनमध्ये मागे ट्रकचा घरघराट झाला आणि पट्टा पुन्हा उमटला. एक मोटारसायकल गेली, काही नाही. दुसरा ट्रक आला, पट्टा आला.

पडद्याचा बिघाड ट्रकची वाट बघत नाही.

"साहेब, तुम्ही पुलाजवळच आहात?"

"काठावरच्या केबिनीत. का हो?"

"आठ महिन्यांपूर्वी लुकलुकलं तेव्हा खाली उतरून बघितलं होतंत?"

"नाही. तुम्ही म्हणालात पडद्याचं हाय. मग कशाला उतरायचं?"

खरं होतं. त्या दिवशी तुळई खांबावरून दोन मिलिमीटर सरकली असेल, आणि सुलभाने ते दोन मिलिमीटर पुसून टाकले होते. आता ती तीनच्या पुढे गेली होती, निदान ओझ्याखाली तरी.

इथे तिने पूल बंद करा म्हणायला हवं होतं. पण नऊ वर्षांची सवय आड आली. मदतकक्षाचा नियम असा, की तक्रार वरच्या पातळीवर न्यायची तर बिघाड आधी पुन्हा घडवून, डोळ्यांनी बघून खात्री करायची. पडद्याच्या बाबतीत तो नियम अगदी बरोबर होता.

"खाली जाऊन बघता का? जड गाडी जाताना फट उघडते का तेवढं बघा. मी लाइनवर आहे."

"जातो की," मुजावर म्हणाले. त्यांच्या चपलांचा आवाज, लोखंडी शिडीचा आवाज, मग वाऱ्याचा.

"मॅडम, फट हाय. पोस्टकार्ड आत जाईल एवढी. थांबा, वरनं डंपर येतोय, आता बघतो."

"साहेब, नको. बाहेर या तुम्ही. लगेच बाहेर या."

"झालंच, एवढा गेला की..."

फोन बंद झाला. पडद्यावर राखाडी पट्टा उमटला आणि या वेळी गेला नाही. मग मोजलेला पृष्ठभागच नाहीसा झाला. उरला तो मूळ आराखडा, स्वच्छ, सरळ, कुठेही न लुकलुकणारा.

तिने पुन्हा पुन्हा नंबर लावला. मग पोलिसांना, मग धामणखोऱ्याच्या दवाखान्याला कळवलं. माणसं निघाली होती, पण मुजावर कुठे उभे होते हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मीच त्यांना तिथे उभं केलं, हे ती स्वतःशी मोठ्याने बोलली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वर बघितलं.

मग तिने कुणाला न विचारता ते सेटिंग सगळीकडचं बंद केलं. चारशे अकरा पूल. राज्याच्या नकाशावर ठिपके लुकलुकू लागले, आधी थोडे, मग जवळजवळ सगळेच. यांतले बहुतेक खरोखरच पडद्याचे दोष होते, नऊ वर्षांच्या अनुभवाने ती हे सांगू शकत होती. पण कुठले, ते तिलाही सांगता येणार नव्हतं. त्यासाठी कुणीतरी खाली उतरायला हवं होतं.

हेडफोनमध्ये घंटी वाजली. कोकणातल्या कुठल्याशा पुलावरची तरुण मुलगी होती, आवाजात जराही काळजी नव्हती.

"मॅडम, आत्ता अचानक लुकलुकायला लागलंय. पडद्याचंच आहे ना?"