सात लाख हेलकावे

लिफ्ट बंद होती म्हणून आमची भेट जिन्यात झाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो दम खात थांबला होता — छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरून. एक हात खालून, एक वरून, अगदी नवख्या बापासारखा.

मला चेष्टेची खोड आहे. पुष्कळदा अंगाशी येते, तरी जात नाही.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

त्यानं टॉवेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा एकदम गंभीर.

"डावा," तो म्हणाला.

टॉवेलाचं टोक बाजूला सरकलं. आत कोपरात दुमडलेल्या हातासारखा काळा लोखंडी दांडा होता. लोअर आर्म. गाडीचं पुढचं चाक जो गाडीला धरून ठेवतो, तो. वळणावर गाडी कलली की सगळा भार त्याच्यावर येतो. तो तुटला, तर चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे.

"कंपनीचा दिसत नाही," मी म्हटलं.

"घरचा आहे. मी बनवलाय." मग आवाज खाली आणून, "तुम्ही इथेच काम करता का? वर ती नापास करणारी बाई बसते म्हणे… कशी आहे हो स्वभावानं?"

"खडूस. आणि कुणी गोड बोललं, तर जास्तच खडूस होते."

"मग मी गप्पच बसतो."

"ते उत्तम."

पाच मिनिटांनी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मी फॉर्म पुढे सरकवला. त्यानं तो मुकाट्यानं भरला. शब्दाला जागला बिचारा.

आमच्या लॅबमध्ये गाड्यांचे भाग तोडतात. म्हणजे मीच तोडते, गेली सात वर्षं. डोंगरावरच्या शर्यतीत उतरणाऱ्या गाडीला नावाजलेल्या कंपनीचा भाग लावला असेल, तर कंपनीचा कागद चालतो. घरी बनवलेला असेल, तर आमचा कागद लागतो. आर्म मशीनमध्ये पकडायचा आणि वळणावर जसा पिळवटतो तसा मागेपुढे पिळायचा, सेकंदाला तीन हेलकावे. तीन लाख सोसले की पास. पण तिथे थांबायचं नाही. तुटेपर्यंत चालवायचं, म्हणजे कुठून तुटतो ते कळतं. आणि नंतर वाद नको, म्हणून बनवणाऱ्यानं समोर बसायचं.

तो बसला. रोज दहा ते पाच, मशीनसमोरच्या स्टुलावर. त्याचं दुकान होतं — लोखंडी गेट, जिन्यांचे कठडे. पहाटे आणि संध्याकाळी ते काम उरकायचा. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'लोहार' ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी ते तोंडातून निसटलं. त्याला आवडलं असावं, कारण मग मी 'नापासबाई' झाले.

"कंपनीचा का नाही लावत?" मी विचारलं. "तयार मिळतो. ह्या मशीनवर मी गेल्या महिन्यात एक तोडलाय. चार लाख बारा हजार."

"चांगला आहे. मी नावं ठेवत नाही." तो मशीनकडे बघत होता. "पण ताईची गाडी जुनी. त्या मॉडेलचे आर्म आता कुणीच बनवत नाही. जवळपास बसणारा मिळतो, पण तो बोटभर आखूड. वळणावर गाडीचं नाक बाहेर पळतं."

"ताई चालवते?"

"फार छान चालवायची. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. मला सांभाळायला म्हणून ताईनं शर्यत सोडली. अकरा वर्षं झाली. ह्या वेळी मीच मागे लागून तिचं नाव दिलंय. ती हसत हसत वर पोचली पाहिजे, बस्स."

शर्यत तीन आठवड्यांवर होती. त्या दिवसापासून हेलकाव्यांच्या आकड्याकडे मी जरा जास्तच बघायला लागले.

चौथ्या दिवशी तीन लाख झाले. दोन दिवसांनी कंपनीचा आकडा मागे पडला. तो स्टुलावरून उठला आणि मशीनला हात लावून नमस्कार केला.

"घरच्या वस्तूत माणूस जीव ओततो हो," तो म्हणाला.

"जीव मोजता येत नाही. जाडी मोजता येते."

"तुम्ही नेहमीच अशा बोलता की फक्त माझ्याशी?"

"नेहमीच. तुमच्याशी जरा कमी…"

हे मी का म्हटलं, देव जाणे. तो हसला आणि खिडकीकडे बघायला लागला. बाहेर पाऊस रिपरिपत होता, काचेवर थेंब एकमेकांना धरून खाली घसरत होते. मशीन टक-टक-टक चाललं होतं. मी उगाच एक फाईल उघडली. उलटी होती.

सातव्या दिवशी आमच्या साहेबांनी मला मीटिंगला अडकवलं. परत आले तर तीन वाजून गेलेले, आणि हा तसाच बसलेला. डबा शेजारी, झाकण बंद.

"तू जेवला नाहीस?" मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. इतके दिवस 'तुम्ही' चाललं होतं, आणि आता हे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जेवतो ना," तो म्हणाला. "आता जेवतो… तू जेवलीस?"

मी हो म्हटलं. खोटं होतं. मग त्यानं डब्याचं झाकण काढून त्यात अर्धं वाढलं, आणि काही न विचारता माझ्या टेबलावर ठेवलं. आम्ही जेवलो. काय होतं डब्यात, ते आजही आठवत नाही.

दहाव्या दिवशी, सात लाख आठ हजारांना, मशीननं 'कट्' असा आवाज केला आणि गप्प झालं. आर्म तुटला होता. जोडापासून लांब, मधल्या दांड्यात, जिथे तुटायला हवा तिथेच. इतका चांगला तुटलेला आर्म मी क्वचितच पाहिलाय. लोहार वेड्यासारखा हसत होता. मीही हसत होते, आणि मग आठवलं. उद्यापासून तो यायचा नव्हता.

"द्या कागद, नापासबाई."

मी शिक्का उचलला आणि खाली ठेवला.

माझी आई कपडे शिवते. एक बाही छान झाली तर ती कधीच खूश होत नाही, दुसरी तिच्यासारखी होईपर्यंत कपाळाला आठी. माझ्या डोक्यात ती आठीच आली.

"जो पास झाला, तो तुटला," मी म्हटलं. "ताईच्या गाडीला जे दोन लागणार, ते मी पाहिलेलेच नाहीत."

"त्याच हातांनी बनवलेत मी."

"कंपनीचा दुसरा पहिल्यासारखाच निघतो. लोक विश्वास ठेवतात तो त्यावर. तू उजवा आण."

"नियमात दोन लिहिलेत?"

"नियमात एकच आहे. शंका आल्यास दुसरा मागवावा, असं खाली बारीक अक्षरात आहे."

"आणि तुला शंका आली." त्याचा चेहरा उतरला होता, तरी डोळ्यांत मिस्कील काहीतरी चमकलं. "की मी अजून चार दिवस यावं असं वाटलं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. रात्रभर तेच खात राहिलं. ह्याला पुन्हा बघायला मिळावं म्हणून मी एका बाईच्या शर्यतीचे दिवस खाते आहे का? सकाळी आईनं विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, बरी आहे, तेच तर कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला तो उजवा घेऊन आला. रंग तोच, मापं तीच, टॉवेलसुद्धा तोच. मशीन सुरू झालं. त्यानं नवा किस्सा सांगितला, कुणाचं तरी गेट उलटं बसवल्याचा. मी हसत होते. पावणेचार वाजले होते.

कट्.

आम्ही दोघंही आकड्याकडे बघत राहिलो. एकसष्ट हजार.

मी तुकडे बाहेर काढले, भिंगाखाली धरले. आर्म नेमका जोडावर सुटला होता. वरून वेल्डिंग गुळगुळीत, आणि आत नखाएवढी जागा कोरडी. तिथे वितळलेलं लोखंड पोचलंच नव्हतं.

"हा कधी जोडलास?"

त्यानं एक तुकडा हातात घेतला.

"मला लिहावं लागेल. कधी?"

"सातव्या दिवशी," तो म्हणाला. "संध्याकाळी. तू मला 'तू' म्हणालीस… त्या संध्याकाळी." तो हातातल्या तुकड्याकडे बघत होता. "दुकानात गेलो. मुखवटा चढवला, जोडायला घेतलं. आणि मुखवट्याच्या आत मी नुसता हसत होतो. हात चालत होता, लक्ष… लक्ष इथे होतं. ह्या टेबलावर." त्याचा आवाज बसला. "ताईच्या गाडीला हाच लावणार होतो मी."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. मी लॅबमध्ये होते आणि माझ्या हातात चिमटा होता.

तेवढ्यात दार उघडलं. उंच बाई, कानाजवळचे केस पांढरे, बोटात गाडीची किल्ली. कागद न्यायला ताई आली होती. त्याचा चेहरा पाहिला आणि तिनं काही न विचारता तुकडा उचलला. तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"किती झाले?" तिनं मला विचारलं.

"एकसष्ट हजार."

"सराव धरून शर्यतीला किती लागतात?"

"चाळीस. कधी पन्नास हजार."

"म्हणजे कदाचित वर पोचले असते."

"कदाचित."

"आणि कदाचित नाही." तिनं तुकडा खाली ठेवला. "हा कधी चुकत नाही हो. कशानं झालं?"

फॉर्मवर शेवटचा रकाना होता: नापास होण्याचे कारण. त्याखाली गाडी चालवणाऱ्याची सही. 'वेल्डिंग आत पोचले नाही' एवढं लिहिलं असतं तर काम भागलं असतं, खोटंही ठरलं नसतं. पण ज्या बाईनं त्याच्यासाठी अकरा वर्षं शर्यत सोडली, तिच्यासमोर मला अर्धं बोलता येईना.

"कारण मी आहे, ताई," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. डबा, 'तू', मुखवट्याच्या आतलं हसू. माझं स्वतःचंही सांगितलं — की दुसरा आर्म मागवताना माझ्या मनात नुसती शंका नव्हती, तो पुन्हा यावा असंही होतं. बोलताना मी तिच्याकडेच बघत होते, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर वाक्य पुरं झालं नसतं.

ताईनं किल्ली टेबलावर ठेवली. मग तिनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, जरा जोरातच.

"कंपनीचा आण. बोटभर आखूड असला तर असू दे. नाक बाहेर पळालं तर मी धरीन." तिचे डोळे ओले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याचं लक्ष कामावरून कधी उडतच नव्हतं. मला तर वाटायचं, हा लोखंडाशीच संसार मांडतोय. एकसष्ट हजारांना का होईना, कळलं ते बरं झालं."

तिनं रिकाम्या रकान्याखाली सही केली आणि कंपनीचे भाग विकणाऱ्या दुकानात फोन करायला खाली गेली.

आम्ही दोघंच उरलो. तो स्टुलावर बसला नाही, उभाच होता.

"ते तसंच लिहिणार आहेस?" त्यानं विचारलं. "कारणात स्वतःला?"

"विचार करतेय."

"नको लिहू. तुझं नाव नापासच्या रकान्यात बरं दिसत नाही."

"मग कुठे बरं दिसेल?"

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. मला वाटलं, जिन्यातल्यासारखं भलतंच काहीतरी सांगेल.

"माझ्या नावाशेजारी," तो म्हणाला.

मी फॉर्म समोर ओढला. कारणात लिहिलं, जोड आतून कच्चा. सही केली. नापासचा शिक्का मारला, ठसा नीट उमटलाय ना ते पाहिलं. आणि मग, शिक्का हातात असतानाच, त्याला म्हटलं की मला आवडेल.