कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

कुणाला पटो न पटो, हे माझ्या घरात घडलं आहे. माझे दीर साक्षीला होते. ते कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतात, आणि भुताखेतांची टिंगल करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण त्या दिवसाचं नाव काढलं की आता ते उठून दुसऱ्या खोलीत जातात.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. थंडीतली साधी दुपार होती.

तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा कामावर. आणि माझी आठ महिन्यांची मुलगी पलंगावर, उशांच्या कुंपणात झोपलेली.

तिला आम्ही सगळे ढबू म्हणतो. हे नाव माझ्या ताईने ठेवलं.

ताईला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. छातीचा आजार. शेवटी कितीतरी दिवस ती हॉस्पिटलातच होती, आणि तान्हं मूल घेऊन मला आत सोडत नव्हते. मग रोज दुपारी मी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावायचे.

"ढबू झोपली की लाव गं," ताई म्हणायची. "जागी असली की नुसती वळवळते. धड नाक दिसत नाही तिचं."

मी लॅपटॉप पलंगाकडे तोंड करून ठेवायचे आणि कामाला लागायचे. ताई बघत राहायची.

पुढे तिच्या तोंडावर मास्क आला. बोलणं थांबलं. उरले नुसते डोळे. आणि तिच्यामागे भिंतीवर, ज्यातून ऑक्सिजन बुडबुडत यायचा ती पाण्याची बाटली...

बुड... बुड... बुड...

त्या आवाजात ढबू गाढ झोपायची.

मग एका दुपारी कॉल लागला नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. शेवटी कामासाठी उघडला, तर ब्राउझर बिघडलेला. पान उघडलं की अडकायचं. 'हे पान प्रतिसाद देत नाही.' मध्येच सगळं बंद पडायचं. आणि मी बंद केलेला ब्राउझर थोड्या वेळाने आपोआप उघडायचा...

जुनं मशीन आहे, चालायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं.

एकदा कपडे वाळत घालून आत आले. ब्राउझर बंद होता. मीच बंद केला होता.

पण कॅमेऱ्याशेजारचा छोटा हिरवा दिवा...

चालू होता.

आणि लॅपटॉपचं तोंड पलंगाकडे होतं.

कुणीतरी माझ्या झोपलेल्या लेकीकडे बघत होतं.

मी झाकण खाडकन मिटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. ढबू झोपली की दिवा लागायचा. ती उठली की विझायचा.

अशात पडद्यावर एक चौकोन आला. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. धोका टाळण्यासाठी लगेच अपडेट करा.' बुडत्याला काडीचा आधार. मी लगेच बटण दाबलं. मग तर बघायलाच नको. शोधावं एक, उघडावं भलतंच, आणि वर जाहिरातींचा पाऊस.

त्याच दुपारी मी तो आवाज ऐकला.

बुड... बुड...

मी स्वयंपाकघरात धावले. गॅसवर काही नव्हतं. नळ बंद होते. न्हाणीघर कोरडं होतं.

आवाज पलंगाच्या खोलीतून येत होता.

मी दिरांना फोन केला. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ढबूला नुकतंच झोपवलं होतं, तेव्हा ते आले.

"वहिनी, खरं सांगा. 'अपडेट करा'वर तुम्हीच क्लिक केलंत ना?"

"लगेच करा असं लिहिलं होतं हो, भाऊजी."

"उद्या घराच्या किल्ल्या लगेच द्या असं लिहिलं, तर द्याल? आणि म्हणे कॉलेजात पहिल्या आल्या होत्या!"

त्यांनी आधी इंटरनेट तोडलं. मग आत चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. ब्राउझर बंद होता, तरी त्याचं नाव यादीत दोनदा होतं. चित्रही तेच.

"यातला एक सोंगाड्या आहे. व्हायरसच म्हणा. नाव तेच, चेहरा तोच. तोंडाकडे बघून ओळखायला गेलात तर फसलात. राहतो कुठे, ते बघायचं."

एक योग्य जागी होता, त्यावर बनवणाऱ्या कंपनीची सही होती. दुसरा कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरच्या अडगळीत. सही नाही, पत्ता नाही.

दिरांनी तो थांबवला, पुसला, सगळं मशीन तपासलं. ब्राउझर काढून नवा टाकला.

"गेला चोर. चहा टाका आता."

"आणि कॅमेरा?"

"तेही त्याचंच..." ते थांबले. पडद्याकडे वाकून बघू लागले. "नाही. याने कॅमेऱ्याला हात लावलेला दिसत नाही. आणि हा आला तुम्ही अपडेट केलंत त्या दिवशी. दिवा कधीपासून लागतोय?"

"त्याच्या आधीपासून."



तेवढ्यात... दिवा लागला.

इंटरनेट तोडलेलं. सगळे प्रोग्रॅम बंद.

बुड... बुड... बुड...

"हा कसला आवाज?"

"ताईच्या ऑक्सिजनचा."

"वहिनी... स्पीकर बंद आहे."

झोपेतच ढबूच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मी लॅपटॉपसमोर जाऊन बसले.

"ताई?"

आवाज थांबला... कुणीतरी श्वास रोखून धरावा तसा.

मग परत सुरू झाला.

"ताई, तू आहेस? आई आपल्याला काय म्हणून हाक मारायची, सांग."

उत्तर नाही. नुसतं बुड... बुड...

शेवटी शेवटी ताईही बोलत नव्हतीच. ती अशीच बघायची. हिला ताई म्हणावं, तर ती ताईच होती. आणि नसली, तर न बोलणाऱ्या ताईचं सोंग घेणं किती सोपं!

"भाऊजी, हे कुठून चालतंय? ते बघता येतं ना?"

त्यांनी यादी पुन्हा चाळली. वरपासून खालपर्यंत.

"यादीत काही नाही, वहिनी. कुठूनच नाही."

मी ढबूकडे पाहिलं. तिची मूठ उघडी होती, श्वास शांत चालला होता. मला जन्मभर त्या दिव्यासमोर बसावंसं वाटत होतं. पण पलंगावर माझं मूल होतं, आणि तिच्याकडे कोण बघतंय हे मला माहीत नव्हतं.

"सगळं पुसून टाका," मी म्हणाले. "सगळं."

दिरांनी बटणाकडे हात नेला.

त्याआधीच... दिवा विझला. आवाज थांबला.

"मी अजून काही दाबलं नाही," दीर पुटपुटले.

मग त्यांनी मशीन पूर्ण पुसून नव्याने बसवलं. आता ब्राउझर झकास चालतो. एकदाही अडकत नाही.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "बॅटरीचा काहीतरी घोळ असेल." असेल.

पण मला एकच कळत नाही. ताई जिवंत असताना तिला नुसतं विचारलं असतं ना, "असं असं होतंय, काय करू गं?" तर ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली असती, "वेडी आहेस का? बंद कर आधी. लेकराच्या बाबतीत असले खेळ नकोत."

आणि मी सगळं पुसायला सांगितलं, तर ते आपणहून बंद झालं.

पकडला गेलेला सोंगाड्या असा जातो का, हे मी दिरांना विचारलं. ते म्हणाले, "नाही. तो चिकटून बसतो. हाकलावा लागतो."

तेव्हापासून ढबू दुपारी झोपत नाही. मी तिला मांडीवर घेऊन थोपटत बसते. घरात अगदी शांत असतं.